पुलावरचा गृहपाठ

पिट्सबर्ग
१२ सप्टेंबर १९८५

प्रिय एमिल,

तुझं पत्र वाचताना मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून आमची सेक्रेटरी डोकावून गेली. म्हणजे तुझी ती नवी पेशंट तीन आठवडे कोचावर पडून छताकडे बघते, तू तिच्या डोक्यामागे खुर्चीत मूग गिळून बसतोस, आणि परवा न राहवून तिनं विचारलं, "डॉक्टर, तुम्ही आहात ना तिथं?" आणि यावरही तू गप्प! अरे, निदान खोकायचं तरी. ज्या घरात कुणी पाच मिनिटं बोललं नाही तर तुझी आई कपाळाला हात लावून ताप बघायची, त्या घरातला तू.

तुम्हा मनोविश्लेषणवाल्यांचं म्हणणं मला पाठ झालंय. नातं आपण जुळवायचं नसतं, ते उगवू द्यायचं असतं. पेशंट हळूहळू तुला आपला बाप करतो, मास्तर करतो, आणि तोच तुमचा कच्चा माल. असेल बाबा. पण आमच्याकडे येणारी माणसं दोन बस बदलून येतात आणि त्यांना छत घरीही आहे.

आम्हा वर्तनोपचारवाल्यांचं सरळ असतं. पहिल्या दिवशी हात मिळवायचा, त्रास काय ते विचारायचं, आणि सांगायचं, हे काम तुमचं-माझं दोघांचं. मग कागद द्यायचे. आठवड्यात कधी त्रास झाला, तेव्हा मनात कोणता विचार आला, भीती शंभरात किती. पेशंट घरी गृहपाठ करतो, पुढच्या भेटीत दोघं मिळून तपासतो. तिसऱ्या भेटीनंतर आमचं नातं कितपत जुळलं याचा फॉर्म पेशंट घरी भरतो आणि बंद पाकिटात आणून देतो. प्रत्येक प्रश्नाला सातपैकी गुण. तोंडदेखलेपणा नको म्हणून पाकीट बंद.

आता ऐक. माझ्याकडे एक गृहस्थ येतात. नाव सांगत नाही, आपण त्यांना क्रेनवाले म्हणू. वय सत्तावन्न. आपल्या दोघांच्या बापांसारखे पोलादाच्या कारखान्यातले, एकतीस वर्षं क्रेन चालवली. गेल्या वर्षी कारखान्याला कुलूप लागलं आणि तेव्हापासून त्यांना पूल ओलांडवत नाही. या शहरात पूल ओलांडता न येणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मुलीकडे जायला पूल, चर्चला जायला पूल. बायको गाडी चालवते आणि हे शेजारी डोळे मिटून बसतात. जन्मभर सत्तर फुटांवरच्या केबिनमध्ये बसलेला माणूस!

तर या क्रेनवाल्यांचं पाकीट काल उघडलं. सगळ्या प्रश्नांना सातपैकी सात. तीन भेटींत! तुझ्या बाईंना विचार, किती देतील.

तुझी,
इर्मा

*

न्यूयॉर्क
३० सप्टेंबर १९८५

प्रिय इर्मा,

सातपैकी सात हे गुण नव्हेत, ही सभ्यता आहे. आपल्या गावातली माणसं डॉक्टरला, पाद्रीला आणि फोरमनला सातच देतात. सहा दिले तर उद्या दारात कुणी विचारायला येईल अशी त्यांची समजूत असते. तुला हे ठाऊक आहे, फक्त शिकल्यापासून तू ते विसरलीस.

माझ्या बाईंची तू थट्टा केलीस म्हणून सांगतो. "तुम्ही आहात ना तिथं" हा प्रश्न त्या मला विचारत नाहीत. लहानपणापासून त्या तो कुणाला तरी विचारत आल्या आहेत. मी "आहे" म्हटलं असतं तर त्या हायसं वाटून गप्प झाल्या असत्या आणि तो कुणीतरी कोण, हे आम्हाला कधी कळलं नसतं. तू पहिल्याच दिवशी हात मिळवतेस, हसतेस, कागद देतेस. पेशंटला तुझ्यावर चिडायचं असेल तर त्यानं कुठं चिडायचं? कागदात तसा रकाना आहे का?

आईनं अक्रोडाचा रोल पाठवला होता. टपालात चपटा झाला, तरी संपवला.

तुझा,
एमिल

*

पिट्सबर्ग
२७ ऑक्टोबर १९८५

प्रिय एमिल,

चिडायचा रकाना नाही, पण आता तो घालायला सांगेन आणि त्याला तुझं नाव देईन.

सोबत क्रेनवाल्यांच्या दोन गृहपाठांच्या प्रती पाठवते आहे. नाव-गाव खोडलंय. असं करू नये हे मला कळतं, पण तुला एकदा दाखवायचंच होतं. अक्षर बघ! क्रेन चालवणाऱ्या माणसाचं इतकं सुरेख अक्षर, आपल्या शाळेतल्या नन्सचं असायचं तसं. आणि प्रामाणिकपणा बघ. पहिल्या कागदावर लिहिलंय: "रविवारी जेवताना बायकोनं काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं नाही. मनात आलेला विचार: ती बिचारी सगळं एकटी ओढते आणि मी तिच्याशी धड बोलतही नाही. अपराधी वाटणं, शंभरात ऐंशी." एकतीस वर्षं कारखान्यात काढलेल्या पुरुषाकडून असं वाक्य मिळवायला तुम्हा लोकांना किती वर्षं लागली असती?

हे मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. ते मान खाली घालून ऐकतात. एकदा डोळेही भरून आले. मी विचारते, "बरोबर आहे ना?" तर म्हणतात, "तुम्ही म्हणता तर बरोबरच असणार, डॉक्टर." मी म्हणते, मी कुठं म्हणते, तुम्हीच म्हणता! मग आम्ही दोघं हसतो.

दर आठवड्याला एकवीस प्रश्नांचा एक कागद असतो, तोही ते घरूनच भरून आणतात, त्यामुळे तासातली दहा मिनिटं वाचतात. झोप, भूक, जीव नकोसा वाटणं, सगळीकडे शून्य किंवा फार तर एक. म्हणजे उदासी वगैरे काही नाही, निव्वळ पुलाची भीती. दुसऱ्या कागदावर त्यांनी ती एका वाक्यात सांगितली आहे: "पुलावर गेलं की माझ्या हातापायांवर माझा भरवसा राहत नाही." ताबा सुटण्याची भीती, पुस्तकात छापावी अशी.

आम्ही शिडी तयार केली आहे. आधी पुलाचे फोटो बघायचे, मग गाडीतून डोळे उघडे ठेवून जायचं, मग पुलाच्या तोंडाशी उभं राहायचं, आणि शेवटच्या पायरीला चालत, एकट्यानं, पलीकडे. पहिल्या दोन पायऱ्या झाल्यासुद्धा.

तुझी,
इर्मा

*

न्यूयॉर्क
१० नोव्हेंबर १९८५

प्रिय इर्मा,

कागद दोनतीनदा वाचले. तू ज्याला प्रामाणिकपणा म्हणतेस तो मला फार गुळगुळीत वाटला. "ती बिचारी सगळं एकटी ओढते." नवरे असा विचार करत नाहीत, इर्मा. बायका असा विचार करतात, नवऱ्यांनी तो करावा म्हणून. मला दिसतं ते असं की या माणसानं आपल्या बायकोचा आवाज मनात बसवून घेतलाय. त्याचं स्वतःचं बोलणं त्या आवाजाखाली दबून गेलंय, आणि तू आठवड्यामागून आठवडे त्या आवाजाशी गप्पा मारते आहेस. नातं जुळलंय ते तिच्याशी.

आणि पुलाची भीती पुलाची नसते. आमचं हे जुनं रडगाणं आहे, तू हसशीलच. हातापायांवर भरवसा नाही म्हणणाऱ्या माणसाची शिडी चढायची एवढी घाई करू नये, असं आपलं मला वाटतं. पण तुमच्याकडे सगळं बारा भेटींत उरकायचं असतं.

आमच्या सेमिनारला मला पुढच्या आठवड्यात निबंध वाचायचा आहे, त्या गडबडीत आहे.

तुझा,
एमिल

*

पिट्सबर्ग
५ डिसेंबर १९८५

प्रिय एमिल,

तुझ्या पत्राला मुद्दाम उशिरा उत्तर देते आहे, कारण मला राग आला होता. बायकोचा आवाज मनात बसवून घेतला म्हणे! माणूस आपल्या बायकोबद्दल दोन शब्द बरे बोलला तर तेही त्याचे नाहीत? तुम्हा लोकांसमोर कुणी "आज हवा छान आहे" म्हणालं तर तुम्ही विचाराल, हे तुमच्या आईचं मत का? ज्या माणसाला तू पाहिलं नाहीस, त्याच्याबद्दल दोन कागदांवरून इतकं नाकानं कांदे सोलायचं कारण नाही.

इकडची बातमी अशी की क्रेनवाले पुलाच्या तोंडाशी पंधरा मिनिटं उभे राहिले. भीती ऐंशीवरून पस्तीसवर आली. आज गुरुवार, ते आत्ताच गेले. परवा शनिवारी ते एकटे पूल चालून जाणार आहेत. बायको सोबत यायचं म्हणत होती, पुलाच्या तोंडाशी गाडीत बसून राहीन म्हणाली. मी तिला घरीच थांबायला सांगितलं. कुणी वाट बघत बसलं की भीती खरी जात नाही.

निघताना ते दारात जरा थांबले. मला वाटलं काही बोलायचंय. मी म्हटलं, "तुम्हाला जमेल. मला खात्री आहे." तर म्हणाले, "बरं, डॉक्टर." आणि गेले.

आमचे प्रमुख म्हणतात, वसंतात होणाऱ्या परिषदेत हीच केस मांड: पहिल्या तीन भेटींत घट्ट झालेलं नातं आणि त्यामुळे लवकर आलेला गुण. मी हो म्हटलंय. तू ये, पहिल्या रांगेत तुझी खुर्ची राखून ठेवते.

इर्मा

*

न्यूयॉर्क
२१ डिसेंबर १९८५

प्रिय इर्मा,

दोन आठवडे झाले. तुझ्यासारखी बाई जिंकून इतके दिवस गप्प बसते, यावर माझा विश्वास बसत नाही. तुझे क्रेनवाले पलीकडे गेले ना? लिहीच. हवं तर मला चार टोमणे मारून लिही.

ख्रिसमसला येणं जमत नाही. माझी ती बाई आता येत नाही, तिच्या जागी नवा पेशंट घ्यायचा आहे.

एमिल

*

पिट्सबर्ग
२७ डिसेंबर १९८५

प्रिय एमिल,

शुभेच्छा. तुझ्या आईकडे जाऊन आले, तिचे गुडघे बरे आहेत. क्लिनिकमध्ये सगळं ठीक. कामाचा डोंगर आहे, सवडीनं लिहिते.

इर्मा

*

पिट्सबर्ग
९ जानेवारी १९८६

प्रिय एमिल,

मागचं पत्र खोटं होतं. तुझ्या आईचे गुडघे बरे आहेत, तेवढंच खरं. आज लिहिते, कारण आज नाही लिहिलं तर मी आणखी एक खोटं लिहीन, आणि मग मला त्याची सवय होईल.

तो शनिवार गेला आणि पुढच्या गुरुवारी क्रेनवाले आले. एकटे आले, टॅक्सीनं. बायको तापानं आडवी झाली होती. मी उत्साहानं विचारलं, "गेलात?" ते म्हणाले, "गेलो." मी टाळी वाजवली, एमिल. खरोखर वाजवली. मग गृहपाठ मागितला. त्यांनी घडी केलेला कागद दिला, तो कोरा होता. मी म्हटलं, हरकत नाही, इथंच भरू या, आणि त्यांच्या हातात पेन दिलं.

त्यांनी ते धरलं. पेन कसं धरतात ते मला तेव्हा दिसलं.  त्यांची मान, कान, सगळं लाल झालं होतं. मग ते म्हणाले, "डॉक्टर, मला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही."

मी काहीतरी मूर्खासारखं विचारलं, "चष्मा विसरलात का?"

"नाही," ते म्हणाले. "कधी आलंच नाही. कारखान्यात कुणाला माहीत नाही. मुलीलाही माहीत नाही. घरचं सगळं बायकोच लिहिते. तुमचे कागदसुद्धा."

तीन महिने, एमिल. तीन महिने मी त्या बाईचं अक्षर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि विचारत होते, हे तुमचेच विचार ना? बायकोनं आपल्याबद्दल काय काय लिहिलंय, हे ते दर गुरुवारी पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकत होते. डोळे भरून आले होते ते त्यामुळे. आणि ते सातपैकी सात? तो फॉर्म त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

मग मला एकवीस प्रश्नांच्या कागदाची आठवण झाली.  टेबलावर एक प्रत होती, पण ती उचलायचा मला धीर होईना. मी नुसतंच विचारलं, "जीव नकोसा होतो का तुम्हाला?"

ते म्हणाले, "हो."

कसं म्हणाले सांगू? कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हापासून, म्हणाले. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते. "मला पुलाची भीती कुठं होती, डॉक्टर? मधोमध गेलो की मी थांबणार नाही, अशी भीती होती. म्हणून तर जात नव्हतो. तुम्ही म्हणालात, जा, गेलं की भीती कमी होते. तुम्ही शिकलेल्या. मी गेलो. भीती कमी झाली खरी."

जी एक गोष्ट त्या माणसाला वर्षभर धरून होती, ती मी पायरी पायरीनं काढून टाकली. शंभरातले आकडे मांडून. वर त्यांच्या बायकोला घरी बसवलं.

मी विचारलं, "मग परत कसे आलात?" आणि आता जे लिहिणार आहे, ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. उत्तर यायच्या आधी क्षणभर मला वाटलं, ते म्हणतील, तुमच्यामुळे. गुरुवारी तुम्ही वाट बघाल म्हणून. ते ऐकायला मी जरा पुढे झुकलेसुद्धा. समोर माणूस मरणाच्या दारातून आलेला आणि मला त्याच्याकडून गुण हवे होते.

ते म्हणाले, "थंडी वाजायला लागली. टोपी घरी राहिली होती."

त्याच दुपारी त्यांना इस्पितळात घेऊन गेले. संध्याकाळी बायको आली, ताप अंगात, कोटाखाली झोपायचा झगा. मला वाटलं ती माझ्या अंगावर येईल. तीच माझी माफी मागायला लागली. म्हणाली, "बाकीचे प्रश्न मी त्यांना वाचून दाखवायचे. तो एक वाचला नाही. ते हो म्हणतील अशी भीती वाटायची. मग मीच शून्य लिहायचे." ती तोंड झाकून रडायला लागली आणि मला तिच्या खांद्यावर हात ठेवायलाही लाज वाटली. तिनं न विचारता शून्य लिहिलं. मीही न विचारताच ते वाचलं, आणि मी तर डॉक्टर.

तुला हसायचं असेल तर हस. बायकोचा आवाज म्हणाला होतास.

इर्मा

*

न्यूयॉर्क
१७ जानेवारी १९८६

इर्मा,

हसलो नाही. पत्र वाचून संपवलं आणि कळलं की मलाही लिहायचं आहे, आणि ते तुझ्याहून वाईट आहे.

"हातापायांवर माझा भरवसा राहत नाही." ते वाक्य मी नोव्हेंबरात पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला ठाऊक झालं. संशय म्हणत नाही, ठाऊक झालं म्हणतो. हा माणूस पुलाला भीत नाही, स्वतःला भितो, आणि त्याची भीतीच त्याची राखण करते आहे. हे मी जसंच्या तसं लिहिलं. तुला नाही लिहिलं, सेमिनारच्या निबंधात लिहिलं. तुझे दोन कागद मी तिथं वाचून दाखवले, तुझं नाव न घेता, "वर्तनवाल्या एका सहकारी बाई" म्हणून. लोक हसले. आमचे सर म्हणाले, लक्षण आणि इच्छा यांतला फरक इतका स्वच्छ कुणी मांडला नव्हता. मी घरी येताना स्वतःवर खूश होतो.

आणि तुला काय लिहिलं? "आमचं जुनं रडगाणं आहे, तू हसशीलच." "असं आपलं मला वाटतं." हे शब्द मी विचारपूर्वक निवडले होते. सरळ लिहिलं असतं तर तू शिडी थांबवली असतीस, आणि मग कोण बरोबर हे कधी सिद्ध झालं नसतं. असं मी तेव्हा मनात स्पष्ट म्हटलं नाही. पण तू शनिवारची बातमी कळवलीस तेव्हा मी काय केलं? फोन माझ्या टेबलावर आहे. तुझा नंबर मला पाठ आहे. मी तुझ्या टोमण्यावर चिडून बसलो, आणि चिडलेल्या माणसाकडून फोन होत नाही.

स्वतःला समजावायला माझ्याकडे सिद्धांत होता. दुसऱ्याच्या पेशंटमध्ये ढवळाढवळ करू नये. जे उमगायचं ते वेळ आली की उमगतं. गप्प बसण्याचं मी इतकं चांगलं शिक्षण घेतलंय की एका माणसाच्या जिवापुढेही मला गप्प बसता आलं.

आणि इतकं सगळं ओळखणाऱ्या मला अक्षर मात्र ओळखता आलं नाही. बायकोचा आवाज मनात बसवून घेतलाय, असं पानभर लिहिलं. कागद बायकोनं लिहिलेत, हे डोक्यात आलं नाही. माझ्या आजोबांचं प्रत्येक पत्र आजी लिहायची. मला आठवायला हवं होतं.

ती कोचावरची बाई. ती "येत नाही" असं मी मोघम लिहिलं होतं. तिनं चिठ्ठी पाठवली होती: "तुम्ही तिथं होतात की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही." ती मी फाईलला लावली आणि बाजूला "प्रतिकार" असा शेरा मारला, जणू उपचार अडवत होती ती तीच.

तू मला माफ कर असं म्हणत नाही. कुणाची माफी कुणी मागायची, याचाच आता घोळ आहे.

एमिल

*

पिट्सबर्ग
५ फेब्रुवारी १९८६

एमिल,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा फाडायला निघाले. संताप झाला. तुला माहीत होतं! एक फोन, अरे. मग, खरं सांगते, बरंही वाटलं. लाजेला सोबत मिळाली म्हणून बरं वाटलं, आणि लगेच त्याचीही लाज वाटली. गेला महिना असाच चाललाय. भांडी घासताना मध्येच आठवतं की मी टाळी वाजवली होती, आणि मी तोंडानं "नको, नको" म्हणते. नवरा स्वयंपाकघरात येऊन बघून जातो.

तुला माफ केलंय की नाही ते मला माहीत नाही. तुझ्या आईच्या वाढदिवसाला येशील तेव्हा माझ्यासमोर बस, तेव्हा कळेल.

क्लिनिकच्या बैठकीत मी सगळं सांगितलं.  मग आमचे प्रमुख म्हणाले, "पण बघ ना, तो गुरुवारी परत आला. नातं घट्ट होतं म्हणूनच आला." ते चांगले गृहस्थ आहेत, मला सावरायलाच बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एमिल, त्या क्षणी हो म्हणून टाकायचा इतका मोह झाला! परिषद, टाळ्या, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मी म्हटलं, "ते टोपीमुळे आले." कुणाला समजलं नाही. मी परिषदेतून नाव काढून घेतलं. घरून कागद भरून आणायची पद्धत बंद व्हावी म्हणून अर्जही केला, त्यावर समिती नेमली आहे.

ते नऊ दिवस इस्पितळात होते. आता औषध चालू आहे. गाडीच्या किल्ल्या बायकोकडे असतात, आणि मुलीला सगळं सांगितलं आहे, वाचता येत नाही तेही. मला वाटलं होतं, आता ते माझं तोंड बघणार नाहीत, आणि मला त्यात सुटका वाटत होती. मी त्यांच्यासाठी दुसरे डॉक्टर शोधून ठेवले होते, वयानं मोठे, शांत. गेल्या गुरुवारी ते आले तेव्हा मी आधी सांगितलं, "मी चुकले. तुम्हाला न विचारता मी तुम्हाला तिथं पाठवलं. तुम्ही मेला असतात आणि मी तुम्हाला शाबासकी देत बसले असते."  आमच्या पद्धतीत हे बसत नाही आणि तुमच्यात तर नाहीच नाही.

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "मलाही लाज वाटत होती, म्हणून मी बोललो नाही. दोघांचं सारखंच झालं म्हणायचं."

"सारखं नाही," मी म्हटलं. "विचारायचं काम माझं होतं."

"हां," ते म्हणाले. "ते तुमचं होतं." पहिल्यांदा त्यांनी माझ्या म्हणण्याला नुसती मान हलवली नाही. त्यांना थोडा रागही आलेला दिसला, आणि तो माझ्यावर होता. मी तो घेतला.

दुसऱ्या डॉक्टरांचं सांगितलं तर नको म्हणाले. मला कारण विचारायचा धीर होत नव्हता, पण आता न विचारता राहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून विचारलं. म्हणाले, "नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल की मला वाचता येत नाही. तुम्हाला एकदा सांगून झालंय." बस, एवढंच. त्यात माझं काहीच नव्हतं, आणि तेच मला पटलं.

मग ते बोलले. खिडकीबाहेर बघत, मध्येच थांबत, पाऊण तास. मी टेबलावरचे कागद खाली ठेवले होते आणि पेन ड्रॉवरमध्ये. जे ऐकलं त्यातलं एकही वाक्य मी तीन महिन्यांत अंदाजानंही ओळखलं नव्हतं, आणि तू निबंधात लिहिलं होतंस तेही त्यात नव्हतं.

काय बोलले ते तुला लिहिणार नाही. त्यांच्या मनात काय आहे ते आजवर आपणच लिहीत आलो, त्यांची बायको, मी आणि तू. क्लिनिकच्या वहीत किती वाजता आले, किती वाजता गेले आणि जिवाला धोका आज किती, एवढंच मी लिहिलं. बाकी त्यांचं आहे.

उद्या गुरुवार. येतो म्हणालेत.

इर्मा